दिवा खोटं बोलत नव्हता

जानेवारीतली गोष्ट. विट्याहून कऱ्हाडला जाताना कडेगावच्या अलीकडे गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. इंजिनाचं छोटंसं चित्र, बस्स. गाडी नेहमीसारखीच चालत होती. वेगळा आवाज नाही, धक्का नाही, तापमानाचा काटाही जागेवर. शेजारी बायको डोळे मिटून कपाळ दाबत बसली होती. "अहो, जरा काच खाली करा ना," ती म्हणाली. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर काळा धूर सोडत चालला होता, म्हणून मी काच वरच ठेवली.

त्या दिव्याचा आणि तिच्या कपाळाचा काही संबंध असेल, हे पुढचे दोन महिने माझ्या डोक्यात आलं नाही. आणि माझा धंदा निदान करण्याचा आहे. सरकारी रुग्णालयात पंचवीसहून जास्त वर्षं मी तेच करतो.

पुण्याहून आलेल्या भाच्याकडे काडेपेटीहून थोडं मोठं एक यंत्र होतं. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात ते त्याने खोचलं आणि मोबाइलवर अक्षरं उमटली: पी०१७१. खाली अर्थ दिलेला: 'सिस्टीम टू लीन, बँक वन'. म्हणजे इंजिनाच्या एका बाजूच्या सिलिंडरांत हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. चार सिलिंडरच्या साध्या गाडीला बाजू एकच असते, तेव्हा 'बँक वन' म्हणजे आख्खं इंजिन.

असे हजारो कोड आहेत, पण त्यांची मांडणी समजायला सोपी आहे. पहिलं अक्षर पी असेल तर बिघाड इंजिन किंवा गिअरबॉक्सचा, बी असेल तर बॉडीचा, सी म्हणजे चेसी, म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगचा, आणि यू म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांचं एकमेकांशी बोलणं बंद पडलेलं. दुसऱ्या जागी शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या जागी एक म्हणजे हवा-इंधनाचं मिश्रण, तीन म्हणजे प्लगची ठिणगी, चार म्हणजे धूर शुद्ध करणारी यंत्रणा. शिवाय कोड नोंदताना संगणक त्या क्षणाचा एक फोटोही ठेवतो. गाडीचा वेग किती, इंजिन किती फेऱ्यांवर, पाणी किती तापलेलं, सगळं त्यात असतं. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. माझ्या गाडीच्या फोटोत वेग होता ताशी १२ किलोमीटर. म्हणजे त्याच ट्रॅक्टरच्या मागे रखडत असताना. ही माहिती माझ्या हातात पहिल्या दिवसापासून होती. मी ती वाचली आणि सोडून दिली. रुग्णाने सांगितलेली पहिलीच ओळ आपण कधीकधी सोडून देतो, तशी.

हा दिवा गाडीत आला तो इंजिनाच्या काळजीपोटी नव्हे, माणसाच्या फुफ्फुसांच्या काळजीपोटी. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरावर १९४०च्या दशकात डोळे चुरचुरवणारं धुरकं साचायला लागलं. तिथल्या आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाचा तेव्हाचा अभ्यास होता अननसाचा वास कशाने येतो याचा. त्यांनी आपली उपकरणं शहराच्या हवेकडे वळवली आणि १९५०च्या सुमारास दाखवून दिलं, की मोटारींच्या धुरातले न जळलेल्या इंधनाचे अंश आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकमेकांवर क्रिया करतात आणि हे धुरकं तयार होतं. पुढे कॅलिफोर्नियाने नियम केला, की १९८८च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी आणि काही बिघडलं तर दिवा लावावा. १९९६पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना एकच सॉकेट आणि कोडची एकच भाषा आली. आपल्याकडे भारत स्टेज-४ बरोबर एप्रिल २०१०मध्ये ही व्यवस्था पहिल्या टप्प्यात आली, एप्रिल २०१३मध्ये अधिक कडक अशा दुसऱ्या टप्प्यात, आणि एप्रिल २०२०पासून तर देशभर बीएस-६ लागू झालं. गाडी झकास पळत असतानाही हा दिवा का लागतो, ते यावरून कळेल. 'गाडी बंद पडणार आहे' असं तो म्हणत नसतो. 'धूर बिघडतोय' असं म्हणत असतो.

तर, कोड हाती आला. मी तो मोबाइलवर शोधला. बऱ्याच जणांनी ऑक्सिजन सेन्सर बदलून बघितला होता. पहिल्या गॅरेजनेही तेच सांगितलं. सेन्सर बदलला, चार हजार आठशे रुपये झाले, दिवा गेला. आठ दिवसांनी परत आला. दुसऱ्या गॅरेजमध्ये सांगितलं, "साहेब, हे इथेनॉलमुळे. आता सगळ्या गाड्यांना हाच त्रास आहे." पेट्रोलमध्ये ओतायची एक बाटली मिळाली. सहाशे रुपये.

इथे जरा थांबून तो सेन्सर नेमकं काय करतो ते बघायला हवं, कारण सगळी गंमत त्यात आहे.

एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण साधलं, तरच सायलेन्सरच्या वाटेतलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी वायूंचं नीट रूपांतर करू शकतं. कन्व्हर्टर म्हणजे मधमाशांच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अगदी पातळ थर. (देशभर सोन्या-चांदीच्या गलाईसाठी गेलेल्या आमच्या विटा-खानापूरच्या मंडळींना या धातूंचं मोल मी सांगायला नको.) प्रमाण साधलं की नाही ते बघण्यासाठी इंजिनाजवळच्या धुराच्या नळीत एक सेन्सर बसवलेला असतो. बॉश कंपनीचा असा सेन्सर पहिल्यांदा १९७६मध्ये व्होल्वोच्या मोटारीत आला. धुरातला ऑक्सिजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन यांच्या फरकावर तो अगदी थोडी वीज तयार करतो. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, उरला नसेल तर ०.९च्या आसपास.

हा आकडा बघून संगणक सेकंदात अनेकदा इंधन थोडं वाढवतो, थोडं कमी करतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात आणि ती टक्क्यांत दिसते. शून्याच्या इकडेतिकडे पाच-सात टक्के असली तर कुणी काळजी करत नाही. माझ्या गाडीची होती अधिक २४. म्हणजे संगणक नेहमीपेक्षा जवळपास पाव भाग जास्त इंधन ओतत होता, आणि तरीही सेन्सर सांगत होता, 'कमी आहे, अजून द्या'. शेवटी संगणकाने हात टेकले आणि दिवा लावला.

आता इथेनॉलचा हिशेब करू. इथेनॉलच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असतो, त्यामुळे एक किलो इथेनॉलला हवा लागते फक्त ९ किलो. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सुमारे साडेतेरा किलो. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेल्या जुन्या गाडीला इंधन सात-आठ टक्के वाढवावं लागणार, हे ओघानंच आलं. चोवीसातले आठ इथेनॉलच्या खात्यावर टाकले. उरलेल्या सोळांचं काय?

दुसऱ्या गॅरेजचं निदान अगदीच चूक नव्हतं, आणि तीच अडचण होती. अर्धं कारण सापडलं की माणूस शोध थांबवतो. आमच्या व्यवसायात हे रोज घडतं. काही वर्षांपूर्वी यंत्रमागावर काम करणारा एक पन्नाशीचा माणूस माझ्याकडे आला (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत). हिमोग्लोबिन सात. आठ महिने लोहाच्या गोळ्या चालू होत्या. गोळी घेतली की आकडा नऊवर जायचा, थांबवली की परत सातवर. आहार बरा नव्हता, त्यामुळे 'लोह कमी' हे सगळ्यांना पटलेलं होतं, मलाही पटलं असतं. पण बाराबारा तास मागासमोर उभं राहून पाठ धरायची म्हणून तो दुकानातून आणून रोज दोन वेदनाशामक गोळ्या खात होता, हे कुणी विचारलंच नव्हतं. जठरात व्रण होता आणि त्यातून रक्त झिरपत होतं. हिमोग्लोबिनचा आकडा खरा होता, लोहही खरोखर कमी होतं. भोक मात्र दुसरीकडेच होतं.

हे सगळं ठाऊक असलेला मी गाडीच्या बाबतीत मात्र मुकाट्याने भाग बदलत बसलो होतो.

मार्चमध्ये रुग्णालयातल्या एका सहकाऱ्याने खानापूर रस्त्यावरच्या एका मिस्त्रींकडे नेलं. वय साठीचं, अंगात तेलकट निळा शर्ट. मी मोबाइल पुढे केला. त्यांनी बघितला, मान डोलावली आणि बाजूला ठेवला.

"कोडमधी काय लिवलंय ते झालं. आता प्लग बगू."

चारही प्लग काढून त्यांनी फडक्यावर ओळीने मांडले. चारही काळे, काजळी धरलेले. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "डॉक्टर, गाडी उपाशी आसंल तर प्लग पांढरट पडतोय. ह्यो बगा, काजळ घालून बसलाय. तुमची गाडी उपाशी न्हाई, जास्त जेवतीया. ॲव्हरेज पडलंय का न्हाई?"

पडलं होतं. लिटरमागे तीन-चार किलोमीटर. तेही मी इथेनॉलवर ढकललं होतं.

सेन्सर म्हणतो उपाशी, प्लग म्हणतो अजीर्ण. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नसतील तर एक जण खोटं बोलतोय असं आपण धरतो. मिस्त्रींनी तसं धरलं नाही. सेन्सर नवाकोरा होता, आणि जुना असतानाही हेच सांगत होता. म्हणजे त्याला खरोखरच ऑक्सिजन दिसत असणार. मग तो येतोय कुठून? "रातभर गाडी हितंच ऱ्हाऊ द्या. सकाळी गार इंजिनावर बगायची." आम्ही काही रक्ततपासण्या उपाशीपोटीच करतो, तसंच हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी चालू केली आणि बॉनेटवर वाकून हाताने मला गप्प राहायला खुणावलं. पुढून बारीक टक-टक-टक असा आवाज येत होता. तीन-चार मिनिटांत तो विरला, कारण इंजिन तापलं की धातू फुगतो आणि फट दाबली जाते. दुपारी गॅरेजमध्ये नेलेल्या गाडीत हा आवाज कुणाला ऐकू येणार? मग इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, त्यांनी मागे सायलेन्सरच्या तोंडात हवा मारायची नळी घातली, भोवती फडकं कोंबलं आणि पुढे मॅनिफोल्डवरचा पत्रा काढून जोडावर साबणाचं पाणी टाकलं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो तसा प्रकार. एका कोपऱ्यात बुडबुडे आले. एक स्टड तुटलेला, पॅकिंग जळलेलं, आणि शेजारी काजळीची एक रेघ.

धूर इंजिनातून सलग बाहेर पडत नाही, हिसक्या-हिसक्याने पडतो. दोन हिसक्यांच्या मध्ये नळीतला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. गाडी हळू चालताना हे जास्त होतं. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो. तो प्रामाणिकपणे सांगतो 'ऑक्सिजन आहे'. संगणक त्याचा अर्थ लावतो 'इंधन कमी आहे' आणि इंधन वाढवतो. खरं मिश्रण आधीच ठीक असतं, ते आता घट्ट होतं. इंधन अर्धवट जळतं, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज पडतं. आणि इंधन अर्धवट जळतं तेव्हा कार्बन मोनॉक्साइड अनेक पटींनी वाढतो.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "ह्या फटीतनं धूर भायेर येतोय, आनि त्यो काचंखालच्या जाळीतनं आत जातोय. घरात कुनाचं डोकं धरत हुतं का वो गाडीत?"

हा प्रश्न मी विचारायला हवा होता. जानेवारीत, स्वतःच्या बायकोला.

फट कन्व्हर्टरच्या आधी होती, म्हणजे बाहेर येणारा धूर शुद्ध न झालेला. पीयूसीचं सर्टिफिकेट चार महिन्यांपूर्वीचं होतं, पण ती तपासणी मागच्या नळीच्या तोंडाशी होते, पुढच्या गळतीचा तिला पत्ता लागत नाही. काच बंद, ब्लोअर चालू, बाहेरची हवा आत घेणारं बटण दाबलेलं, आणि पुढे ट्रॅक्टर. वास आला तरी तो ट्रॅक्टरचाच, अशी सगळ्यांची समजूत. बायकोचं डोकं कऱ्हाडला पोहोचून तासाभराने उतरायचं. मुलीला मळमळायचं, ते आम्ही 'गाडी लागते' म्हणून सोडून दिलं. माझंही डोकं जड व्हायचं, ते मी नाईट ड्यूटीवर टाकलं. तिचा चष्म्याचा नंबर मात्र मी तपासून घेतला होता.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. वास येतो तो धुरातल्या इतर वायूंचा. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे हवेत थोडा असला तरी रक्तात साचत जातो. सुरुवातीला डोकेदुखी, चक्कर, मळमळ. जास्त झाला तर गुंगी, बेशुद्धी आणि मृत्यू. मोकळ्या हवेत आल्यावर रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. आणि कोविडच्या काळात घरोघरी आलेलं, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं. ते लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांनी रक्ताचा रंग जोखतं, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. माणूस गुदमरत असतो आणि पडदा ९८ दाखवतो. खरा आकडा कळायला को-ऑक्सिमीटर नावाच्या यंत्रावर रक्त तपासावं लागतं. गाडीतल्या सेन्सरसारखंच हेही खोटं बोलत नाही. जे दिसतं ते सांगतं.

आमच्यापैकी कुणाचं रक्त मी तेव्हा तपासलं नाही, त्यामुळे ती डोकेदुखी यामुळेच होती हे कागदावर सिद्ध होणार नाही. रुग्णाच्या नातेवाइकांना मी जे विचारतो ते मात्र आता सांगू शकतो. एकाच गाडीत किंवा एकाच खोलीत बसलेल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ होत असेल आणि बाहेर पडल्यावर बरं वाटत असेल, तर आधी हवेवर संशय घ्या. काचा उघडा, खाली उतरा. गुंगी असेल तर ऑक्सिमीटरचा आकडा बघत न बसता रुग्णालय गाठा. आणि इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून गाडीत झोपू नका, मग तो प्रवास कितीही लांबचा असो. बंद शेडमध्ये तर मुळीच नाही.

दिव्याबद्दल एवढंच. तो स्थिर असेल तर गाडी चालवत घरी जाता येतं, पण चार-आठ दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल तर वेग कमी करा आणि शक्य तितक्या लवकर सुरक्षित जागी थांबा. त्याचा अर्थ बहुधा सिलिंडर 'मिस' होतोय, पी०३००च्या आसपासचा कोड, आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय असा असतो. त्या उष्णतेने आतली जाळी वितळते आणि दुरुस्तीचा खर्च कैक पटींनी वाढतो. वाळल्या गवतावर तर अशी गाडी उभीच करू नये. लाल दिवा ऑइलचा किंवा तापमानाचा असेल तर तिथल्या तिथे इंजिन बंद. स्कॅनर घरी असणं चांगलं आहे, पण कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम आणि ट्रिमचे आकडे लिहून ठेवा. बॅटरीची वायर काढून दिवा घालवणारे भेटतात; ते थर्मामीटर फोडून ताप उतरवतात.

मिस्त्रींनी नवीन स्टड, नवीन पॅकिंग टाकलं, प्लग साफ केले. एक हजार चारशे रुपये. मी म्हटलं, आता स्कॅनरने कोड पुसून टाका. ते म्हणाले, "कशाला? गाडीलाच म्हनू द्या बरं वाटतंय." सलग तीन फेऱ्यांत बिघाड दिसला नाही तर संगणक दिवा आपणहून घालवतो, हे मला नंतर वाचून कळलं. त्यांना ते तोंडपाठ होतं.

तिसऱ्या फेरीला आम्ही कऱ्हाडला निघालो होतो. कडेगाव मागे पडलं, तोवर दिवा गेला होता. भाच्याच्या यंत्रावर ट्रिम होती अधिक ७. पुढे परत उसाचा ट्रॅक्टर होता. बायकोने आपणहून काच वर केली आणि विचारलं, "जुना सेन्सर परत घेतील का हो ते?"